‘घे’ म्हटल्याशिवाय
खोबरेल तेलात हळद तापली की ते कुत्रं आठवतं. साकेत नगरात इस्पितळाच्या फाटकाशी मागचा पाय मोडून पडलं होतं. मी उचलून घरी आणलं, हीच हळद लावून बरं केलं. मी "घे" म्हटल्याशिवाय पोळीला तोंड लावायचं नाही, एवढं मात्र शिकवलं. रस्त्यावरचं असलं म्हणून लाचार कशाला राहावं? पण नातवाला दमा सुरू झाला आणि सून म्हणाली, "बाबा, आता कुत्रं तरी ठेवा, नाहीतर आम्हाला." मग अरेरा कॉलोनीतल्या एका बाईंना दिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन, "दादाजी, ये तो कुछ खाता ही नहीं." मी म्हटलं, "'घे' बोलिए, खाएगा." पुढं कधीतरी बघायला गेलो, तर धावत आलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, "देखिए, हमने क्या सिखाया." त्यांनी बिस्कीट दाखवलं तसं ते त्या मोडक्या पायावर उभं राहिलं आणि पुढचे पंजे जोडले. बिस्कीट खाऊन माझ्याकडे वळलं आणि माझ्यापुढंही तसंच हात जोडून उभं राहिलं. मी चहा न घेता निघालो. त्याला चांगलं घर मिळालं असं सगळे म्हणतात. मीही हो म्हणतो.