म्हशीवरचे आबा

मला एक वेळ लोखंड पचेल, अपमान पचत नाही. गेल्या पाडव्याला आमच्या गल्लीतल्या गवळ्याने भर चौकात माझ्या चित्रावर बादलीभर पाणी ओतलं, तेव्हापासून वर्षभर मी असा पेटलेलो होतो की घरच्यांनी माझ्या डोक्यावर चहा उकळून घेतला असता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नवरीपेक्षा जास्त नटतात. शिंगं रंगवायची, पायात तोडे घालायचे, मालकाने मोटारसायकलवर पुढे सुटायचं आणि मागून म्हशीने पळायचं. एरवी मी रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या एअरब्रशने मोटारसायकलींच्या टाक्यांवर वाघ काढतो. त्या दिवशी भादरलेल्या म्हशी माझ्या ताब्यात असतात.

गेल्या साली गवळ्याला म्हशीच्या कुशीवर वारलेल्या वडिलांचा चेहरा हवा होता. अख्ख्या पेठेला दूध घालणारे आबा. मी तीनच रंग घेतले: पांढरा, पिवळा, तांबडा. सगळे पाण्याने निघणारे. काळा विकत घ्यावा लागत नाही, तो म्हैस देते. डोळ्यांच्या खोबणी, मिशीखालची सावली, कपाळाच्या आठ्या, तिथे हात उचलायचा आणि म्हैस तशीच ठेवायची. गालांवर पांढऱ्याचं धुकं, त्यावर पिवळ्याची फुंकर, फेटा तांबडा. म्हशीने श्वास घेतला की आबांचे गाल फुगायचे, आता शिवी हासडतात असं वाटायचं.

गवळी बघून म्हणाला, "आमचं म्हातारं एवढं काळं हुतं व्हय?"

"म्हशीवर काढलंय मालक, गाईवर न्हाय."

"गोरं कर की जरा."

"गोरं केलं तर आबा ऱ्हात न्हाईत. कुठला तर साहेब हुईल."

"ह्यो आमचा बा न्हवंच!" असं ओरडून त्याने बादली उपडी केली. चौक खदाखदा हसला. माझं नाव त्या पाण्याबरोबर गटारीला लागलं. पुढे टाकी रंगवून नेणारी पोरंसुद्धा विचारायची, "वाघच हाय न्हवं ह्यो?"

यंदा मी गवळ्याच्या शेजाऱ्याला गाठलं. गोठ्याच्या भिंतीवरून दोघांचं असं वैर, की एकाची म्हैस रेकली की दुसरा कान धुऊन यायचा. "तुझ्या म्हशीवर फुकट काढतो," म्हटल्यावर त्याने ती अंघोळ घालूनच आणली. मी तेच आबा काढले. तेच तीन रंग, त्याच आठ्या, एकही कमी नाही.

संध्याकाळी चौकात गर्दी लोटली. म्हातारी माणसं म्हशीला हात जोडायला लागली. गवळ्याने मोटारसायकलला करकचून ब्रेक मारला.

"पूस ते!"

"का रं?" शेजारी गोड आवाजात म्हणाला. "तुझा बा न्हवंच की त्यो. गेल्या साली तूच सांगितलास."

शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात गवळ्याची आई ओवाळणीचं ताट घेऊन आली. स्वतःची म्हैस सोडून ती सरळ वैऱ्याच्या म्हशीपाशी गेली, डोक्यावर पदर घेतला, दिवा ओवाळला आणि त्या तांबड्या फेट्याकडे बघून म्हणाली, "वाकडाच बांधलासा की आजबी."

म्हाताऱ्यांनी टोप्या काढून डोळ्यांना लावल्या. पण मी रडायला आलो नव्हतो.

गवळी माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "चुकलं माझं. आबाच हाईत."

"मागच्यास्नी ऐकू न्हाय आलं."

"आबा हाईत म्हटलं की!"

"पार पल्याडच्या उचगावात ऐकू जाऊ दे. बादली ओतताना आवाज कसा खणखणीत हुता!"

त्याने डोळे मिटले आणि बोंब ठोकली, "ह्यो माझा बा हाय!"

शपथेवर सांगतो, पंचगंगेचं पाणी थरारलं. म्हैसही बुजली, दोर तोडून चौकातून सुटली. आबा गाल फुगवत निघाले आणि मागून गवळी अनवाणी, "आबा, आबा" करत धावत सुटला. म्हैस माझ्या अगदी पुढ्यातून गेली. हात घातला असता तर सहज सापडली असती. मी दोन पावलं मागे सरून तिला वाट करून दिली.