लांब गवतातला चेंडू

लांब गवतातून एक हात वर यायचा आणि पाठोपाठ आवाज, "सापडला!"

गोल्फ तुम्ही खेळत नसाल, तरी एवढं लक्षात येईल की चेंडू गवतात हरवला तर तो शोधावा लागतो. नाही सापडला तर एक फटका जास्तीचा मोजून पुन्हा पहिल्या जागेवरून मारावा लागतो. काकांवर ही वेळ कधीच आली नाही. आम्ही मदतीला निघेपर्यंत त्यांचा चेंडू सापडलेला असायचा, आणि तोही नेहमी गवताच्या कडेला, मोकळ्या जागी, समोर भोकात रोवलेला झेंडा सरळ दिसेल असा. मुग्धा माझ्याकडे बघायची, मी आकाशाकडे बघायचो. काकांच्या पँटचा उजवा खिसा कायम फुगलेला असे, आणि तो का फुगलेला असतो हे आम्हा दोघांना माहीत होतं.

कोणी हसून काही म्हणालंच तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "आपण काय पगार घेऊन खेळतो का?"

नेदरलँड्समधल्या फोरबर्गमध्ये मी राहायला आलो तेव्हा काका समोरच्या घरात होते. रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनरच्या वाहतुकीचं नियोजन करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्तीनंतर ते नियोजन त्यांनी आमच्या गल्लीला लावलं. पहिल्याच आठवड्यात मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवला आणि त्यांनी तो ढकलत परत माझ्या दारात आणला. "आज हिरवा. करडा पुढच्या आठवड्यात." सायकलवरून जाताना रस्ता निर्मनुष्य असला तरी लाल सिग्नलला पाय टेकून उभे राहायचे. जेवायला सहाला बोलावलं तर सहालाच बेल वाजायची.

म्हणूनच मुग्धाला ते कोडं वाटायचं. मुग्धा माझ्या ऑफिसातली. इथे मैदानावर उतरण्याआधी नियमांची परीक्षा द्यावी लागते, ती तिने बोर्डाची असावी तशी अभ्यास करून दिली होती. "लाल सिग्नल पाळणारा माणूस इथे येऊन असा का वागतो?" ती मला मेट्रोत विचारायची. मी म्हणायचो, "असेल मोकळं व्हायची एखादी खिडकी. सगळं आयुष्य नियमात गेलंय." खरं तर काका आम्हालाही भरपूर सूट द्यायचे. माझा फटका पाण्यात गेला की "हा मोजू नकोस, परत मार." चेंडू भोकापासून हातभर राहिला की "एवढा जाणारच, उचल." त्यांच्याबरोबर खेळताना माणसाला आपण बरे खेळतो असं वाटायचं. शनिवारची सकाळ त्यांच्याशिवाय मला नको वाटायची.

दोन गोष्टी मात्र मी पाहत होतो आणि त्यांचा अर्थ लावत नव्हतो. भोकाजवळ उभं राहिल्यावर काका मान तिरकी करून बघायचे, कावळा बघतो तशी. आणि स्वतःचा चेंडू क्षणात शोधणाऱ्या या माणसाने आमच्यापैकी कोणाचा चेंडू कधी शोधून दिला नव्हता.

त्या शनिवारी पानगळ बरीच झाली होती, सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं. काकांचा फटका उजवीकडे कालव्याच्या बाजूला गेला. ते आमच्या पुढे भराभर चालत गेले, वाकले, हात वर. "सापडला!"

मुग्धा त्यांच्या मागोमाग गेली होती. ती खाली वाकली आणि तिने काळ्या चिखलावरचा एक पांढराशुभ्र चेंडू उचलला. काकांच्या बुटापासून वीतभर अंतरावर होता तो.

"काका, हा तुमचा."

"माझा हा काय, इथे आहे."

"तुमच्या चेंडूंवर लाल रेघ असते. ही बघा. तुमच्या पायाशी होता, तुम्ही ओलांडून गेलात." तिने चेंडू त्यांच्यासमोर धरला. "चांगला सरळ पडला होता. तिथून मारता आला असता. मग दुसरा कशाला टाकलात?"

ठरलेलं उत्तर येईल म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. ते आलं नाही. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी हात पुढे केला, चेंडू घेतला, अंगठ्याने त्यावरून रेघ चाचपल्यासारखं केलं.

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले, आणि स्टिक पिशवीत घालून चालायला लागले.

उरलेला खेळ आम्ही खेळलो, पण कोणी कोणाला सूट दिली नाही. प्रत्येक फटका मोजला गेला. मुग्धा आपल्या सायकलवरून निघून गेली, काकांना "येते" म्हणाली, त्यांनी मान हलवली.

मी नेहमीसारखा त्यांच्या गाडीत बसलो. माझ्याकडे गाडी नाही, परवाना आहे. मी मुग्धाचा तो प्रश्न मनात घोळवत होतो. चेंडू पायाशी असताना माणूस दुसरा का टाकेल? लबाडीच करायची तर ती फायद्यासाठी करतात. यात फायदा कुठे होता?

गावाच्या तोंडाशी एक गोल चौक आहे. तिथे सायकलवाल्यांचा हक्क पहिला. समोरून एक बाई येत होती, सायकलच्या पुढच्या छोट्या सीटवर पिवळ्या टोपीतलं मूल. मला ती दुरूनच दिसली होती. काकांनाही दिसली असणार, आता ते वेग कमी करतील, असं मला वाटलं. गाडीचा वेग कमी होईना.

"काका! ब्रेक!"

त्यांनी ब्रेक दाबला. पट्टा माझ्या छातीत रुतला. बाईचा तळहात धाडकन बॉनेटवर आपटला, सायकल कलली, तिने एक पाय टेकून ती सावरली. मूल रडायला लागलं. काचेपलीकडून ती डचमध्ये ओरडत होती, डोळे नाहीत का तुम्हाला, डोळे नाहीत का! मग तिने मुलाची टोपी सारखी केली आणि निघून गेली. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

काका कुजबुजले, "ही आली कुठून?"

ती आली होती बरोबर समोरून.

त्यांनी गाडी कशीबशी पुढे नेऊन एका बंद दुकानासमोर उभी केली. इंजिन चालूच होतं. मी हात घालून ते बंद केलं.

"काका, तुम्हाला काय दिसत नाही?"

"मध्यभागी डाग आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. कडेचं सगळं दिसतं. तुझा कान दिसतोय. तुझ्याकडे बघितलं की तू जातोस."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"उन्हाळ्याआधीच. पडद्याचा मधला भाग गेलाय. परत येणार नाही म्हणाले."

"आणि गाडी?"

"चालवू नका म्हणाले."

त्यानंतर जे बोलले ते मात्र माझ्याकडे वळून. दर बुधवारी शाळा लवकर, भर दुपारीच सुटते. त्यांची मुलगी केतकी हार्लेममध्ये असते, नोकरीवर असते; तिच्या मुलीला, मीराला, शाळेतून घेऊन पोहायच्या वर्गाला न्यायचं काम काकांचं. "या बुधवारी तिची पोहण्याची परीक्षा आहे. एवढा एक बुधवार, समीर. परीक्षा झाली की मीच सोडतो. रस्ता मला पाठ आहे. हा एक मोजू नकोस."

"काका, त्या सायकलवर लहान मूल होतं."

"माझ्याही गाडीत लहान मूलच असतं!" ते ओरडले. "तुला काय वाटतं, मी सांभाळून..."

वाक्य तिथेच राहिलं. आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं होतं. त्यांचे हात स्टिअरिंगवरून मांडीवर आले. मग ते दार उघडून उतरले, आणि बॉनेटला हात लावत लावत, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक," म्हणाले.

घरी काकूंनी दार उघडलं. चावी माझ्या हातात होती.

"समीरला सराव हवा होता," काका म्हणाले आणि बूट काढायला खाली बसले.

मी चावी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती रोजच्या हुकाला अडकवली नाही, मुठीत धरून ठेवली. "जेवून जा," म्हणाल्या, पण त्यांची नजर काकांच्या पाठीवर होती. मी थांबलो नाही. सांगायचं ते काकांनी सांगायचं होतं. बुधवारपर्यंत त्यांनी नाही सांगितलं, तर मी केतकीला फोन करणार होतो, आणि त्या फोनची मला मनापासून भीती वाटत होती.

सोमवारी मुग्धाला सांगितलं. ती कॉफीचा कप हातात धरून उभी राहिली. "पायाशी होता रे," एवढंच म्हणाली. "पायाशी होता आणि मी त्यांना विचारत होते."

मंगळवारी काकांचा फोन आला. "उद्या ट्रेनने जातोय. सुट्टी मिळेल तुला?"

"काकूंना सांगितलंत?"

"तिला कधीचं ठाऊक होतं. मला वाटायचं, ही हल्ली आमटीची वाटी पानाच्या अगदी कडेला का ठेवते."

"आणि केतकीला?"

"ते उद्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी काकूंनाही चला म्हणालो. त्या म्हणाल्या, "तू जा. मी असले की ते माझ्या आड लपतील."

शाळेच्या फाटकातून मीरा धावत आली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते ती डच. गाडी कुठे आहे, तिने विचारलं. "गाडीला आज सुट्टी," काका म्हणाले. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला की तिने तो झटकला. मी दोघांच्या अर्धा पाऊल पुढे चालत होतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलीकडे बघत होतो.

पोहण्याच्या तलावावर केतकी ऑफिसातून थेट आली होती. इथली परीक्षा अजब असते. मुलं कपडे, बूट घालून पाण्यात उड्या मारतात, कारण कालव्यात पडणारं मूल पोहायचा पोशाख घालून पडत नाही. मग पाण्याखाली ताणलेल्या एका पडद्याच्या भोकातून पलीकडे निघायचं. काचेमागे आईबाप, आजी-आजोबा दाटीने उभे होते. केतकी फोनवर चित्रण करत होती. काका तिच्या शेजारी ताठ उभे. मी त्यांच्याकडे बघत होतो. आता बोलतील, आता बोलतील.

मीरा पाण्याखाली गेली. जरा जास्तच वेळ खाली राहिली असं वाटलं. मग पडद्यापलीकडे तिचं डोकं वर आलं.

"बाबा! बघितलंत? पहिल्या फटक्यात गेली!"

"छान," काका म्हणाले. मग म्हणाले, "केतकी, मला नाही दिसलं."

"थांबा, दाखवते ना. सगळं घेतलंय."

"त्यातही नाही दिसणार, बाळा."

केतकीने फोन खाली केला. काकांनी सांगितलं. डाग, डॉक्टर, उन्हाळा, शनिवारची ती बाई. मध्ये कुठे थांबले नाहीत, स्वतःला सूट दिली नाही. ऐकताना तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"म्हणजे उन्हाळ्यापासून," ती म्हणाली. "दर बुधवारी. माझी मुलगी मागे बसलेली असायची, बाबा."

"हो."

"मला एकदा सांगायचं होतं."

"मग बुधवार गेला असता."

ती त्यांच्यापासून बाजूला सरकली, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी. आत मुलांची नावं पुकारली जात होती. मीराचं नाव आलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत काका होते, मी होतो. केतकी काचेला कपाळ टेकून उभी होती. परतीच्या ट्रेनमध्ये, लायडन स्टेशन गेल्यावर, काका म्हणाले, "तिचं बरोबर आहे."

केतकी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. काकांनी परवाना स्वतः जाऊन परत केला, गाडी विकली, तरी नाही. काकू दोन्हीकडे निरोप नेत राहिल्या. हिवाळा सरत आला तेव्हा एका रविवारी केतकी अचानक फोरबर्गला आली आणि तिच्या घरामागच्या गल्लीत एक फ्लॅट रिकामा झालाय, तळमजल्यावरचा, एवढंच म्हणाली. सामान बांधायला मुग्धा आणि मी होतो. समोरच्या घरात आता एक डच जोडपं राहतं. स्वभावाने चांगले आहेत. कचरा कोणत्याही दिवशी बाहेर ठेवतात.

गेल्या महिन्यात कामासाठी हार्लेमला गेलो होतो. स्टेशनबाहेर पडताना ती दोघं दिसली. मीरा शाळेचं दप्तर पाठीला लावून पुढे, काका तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. ती डचमध्ये अखंड बोलत होती, शाळेतल्या कुठल्यातरी भांडणाबद्दल. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात फूटपाथ संपला, आणि ती बोलता बोलता थांबली, खणखणीत मराठीत म्हणाली, "आजोबा, पायरी."

काकांनी पाय उचलला, पायरी उतरले, आणि तिने भांडणाची गोष्ट पुढे चालू केली.