वर्गाबाहेर दोघी

मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या मैत्रिणीच्या डोळ्याचं झालं आणि शिक्षा झाली मला. डॉक्टरांनी तिचा टीव्ही बंद केला, मोबाइल बंद केला, धुळीत जाणं बंद केलं. तोंड तेवढं बंद करायचं राहून गेलं. आमची दारं समोरासमोर, मधे अरुंद पॅसेज. दुपारची भांडी आवरली की तिकडून हाक यायचीच, "मास्तरीण, ये गं. काहीतरी वाच. नुसतं बसून जीव आंबला माझा."

ती निफाडकडची. नवरा गेल्यावर द्राक्षबाग पुतण्याच्या हवाली करून नाशकात फ्लॅटमध्ये राहायला आली, पण अजून आभाळ भरून आलं की खिडकीत उभी राहून बागेला काय होईल याचा घोर लावून घेते. मी तिला पाटलीणबाई म्हणते. मी पंचवटीतल्या भिक्षुकांच्या घरातली सून आणि शाळेतली इंग्रजीची बाई, म्हणून ती मला मास्तरीण म्हणते. रागावली की "मास्तरीणबाई" म्हणते. तेव्हा गप्प बसावं.

वाचायचं काय, हा प्रश्न होता. पोथी नको म्हणाली, "ती मी मेल्यावर ऐकवतीलच." शेवटी मी कपाटातून एक जुनी अमेरिकन कादंबरी काढली. तिकडे माणसं बाजारात विकत मिळायची, त्या काळातली. एक उनाड पोरगा घरातून पळतो, एक गुलाम मालकाकडून पळतो आणि दोघं एका तराफ्यावर बसून मोठ्या नदीतून निघतात. वाटेत त्यांची मैत्री होते आणि पोरगं शहाणं होत जातं. वयात येण्याची कादंबरी म्हणतात अशा पुस्तकांना, असं मी तिला ऐटीत सांगितलं.

"आपण कवाच वयात आलो," ती म्हणाली. "आता जायची वेळ हाय. पण वाच."

मी इंग्रजी बघत बघत मराठीत सांगायचे. ऐकणारी मात्र अशी, की मी माझ्या उभ्या नोकरीत असला विद्यार्थी पाहिला नाही. तराफा म्हटल्याबरोबर ही सुरू. "त्यात काय एवढं? कादवेला पूर आला की आम्ही गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जायचो. माझी सासू त्या काहिलीत बसून बाजाराला गेली अन् भाजी घेऊन आली." दोघं तराफ्यावर काय खातात, चूल कशी पेटवतात, पावसात अंथरूण भिजत नाही का, याची खडान्‌खडा चौकशी. मी म्हटलं, लेखकाने नाही लिहिलेलं सगळं. "बाप्या माणूस दिसतो," म्हणाली.

एकदा मात्र तिने मला गप्प केलं. त्या गुलामाला पकडून द्यावं की लपवावं यावर पोरगा पानंच्या पानं विचार करतो, ते मी रंगवून सांगत होते. ती पापण्या मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "सगळे त्या माणसाचंच ठरवतात. मालक ठरवतो, शेजारीण ठरवते, हे पोरगं ठरवतं. त्याला कोणी इचारतं का, बाबा, तुला कुठं जायचंय?"

"पुढे असेल," मी म्हटलं आणि पान उलटलं. मला तेव्हा ते लागलं नाही. शिकवून शिकवून माझे कान निबर झालेत.

आता तिच्या मुलाबद्दल सांगायला हवं. तो बंगळुरूला असतो. शाळेत माझाच विद्यार्थी. हुशार, पण थापाड्या. एकदा गृहपाठाची वही गाईने खाल्ली म्हणून सांगितलं; शिकायला मामाकडे कॉलेज रोडवर राहणारा मुलगा! माझा नियम एकच होता. फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असायचं, खोट्याच्या कपाळी गोटा, आणि खोटं बोलणाऱ्याने तासभर वर्गाबाहेर उभं राहायचं. तो बराच काळ माझ्या वर्गाबाहेरच शिकला. तरी शिकला, हे महत्त्वाचं. आता मोठा साहेब झालाय. मला शाळेत बाई म्हणायचा, आता काकू म्हणतो, आला की पाया पडतो.

मागच्या वर्षी पाटलीणबाई न्हाणीघरात पाय घसरून पडली, तेव्हा तो धावत आला. आईला बंगळुरूलाच न्यायचं म्हणत होता. खूप रडारड, आदळआपट झाल्यावर मायलेकांत तह झाला. राहा इथे, पण पुन्हा एकदा जरी पडलीस तरी मुकाट्याने माझ्याकडे यायचं. ती कबूल झाली. मग बापाच्या श्राद्धाला तो गंगेवर आला होता, तेव्हा ओल्या धोतरानिशी माझ्यासमोर उभा राहिला. "काकू, आई मला काही सांगणार नाही. तुम्ही खोटं बोलत नाही. काही झालं तर मला कळवाल, अशी गंगेची शपथ घ्या."

गंगा म्हणजे आमची गोदावरीच. नाशिककर तिला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणतो. आणि ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या त्या घाटावर लोकांना संकल्प सांगितले, त्या घरच्या सुनेने पाण्यात हात घालून शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एवढा मोठा साहेब, अजून माझ्या खरेपणावर भरवसा ठेवून आहे! मी घरी येऊन पाटलीणबाईला फुशारकीने सांगितलंसुद्धा. तिने हसून मला सीआयडी असं नाव ठेवलं. दर रविवारी सकाळी त्याचा आधी मला फोन यायचा, मग आईला. मी सगळं सांगायचे. किती खाल्लं, औषध घेतलं का, डोळ्यात थेंब घातले का. आईला त्याबद्दल काय वाटतं, हे त्याने मला कधी विचारलं नाही. मीही तिला विचारलं नाही.

मग नवरात्र आलं. तिकडे बागेची छाटणी सुरू झाली आणि इकडे हिच्या अंगात आलं. पुतण्याला छाटणीतलं काही कळत नाही, डोळे ठेवून कापत नाही, असं तिचं म्हणणं. डोळे म्हणजे वेलीच्या काडीवरचे, कोंब फुटतो ते. स्वतःच्या डोळ्याचं विसरली. एका सकाळी मी गंगेवर गेले असताना ही गॉगल घालून, डोक्याला पदर गुंडाळून, एसटीने निफाडला. संध्याकाळी पुतण्या गाडीतून घेऊन आला, तो पाय प्लास्टरमध्ये. ठिबकच्या नळीत पाय अडकून पडली होती. घोट्याचं हाड चिरलं होतं.

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला राग आला की मी इंग्रजीत बोलते, म्हणजे शेजाऱ्यांना शिव्या वाटत नाहीत. पाटलीणबाई नेहमीसारखी उलटून बोलेल म्हणून मी थांबले, तर ती कॉटवर टेकून पायाकडे बघत बसलेली.

"आता?" मी म्हटलं.

"आता काय. रविवारी त्याचा फोन येईल. सांगून टाक."

"मी शपथ घेतलीये गं."

"मग सांग म्हणते ना. मी कुठं नाय म्हणाले?" आणि मग हळू आवाजात, "तिकडं लय चांगलं हाय सगळं. सतराव्या मजल्यावरून ढग दिसतात म्हणे. पण माणूस दिसत नाय."

तिने मला लपव म्हणून सांगितलं असतं, तर मी तिला नीट झापलं असतं. शपथेचं महत्त्व, खोट्याचे परिणाम, सगळं व्याख्यान तयार होतं माझ्याकडे. तिने मागितलंच नाही काही. 

शनिवारी दुपारी गेले, तर कपाट उघडं होतं आणि कॉटवर साड्यांच्या घड्या. मला म्हणाली, "बॅग नंतर भरू. आधी ते पोरगं काय करतं ते वाच. अर्धवट टाकून कशी जाऊ?"

मी वाचलं. पोरगा चिठ्ठी लिहून ठेवतो, की गुलाम इथे आहे, न्या. त्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं, की पळालेल्याला लपवणं म्हणजे चोरी, पाप. चिठ्ठी लिहिल्यावर त्याला हलकं वाटतं. पण मग तराफ्यावरचे दिवस आठवतात. तो माणूस याला झोपू द्यायचा आणि स्वतः याच्या वाटणीचा पहारा करायचा, ते आठवतं. शेवटी तो ठरवतो, नरकात जावं लागलं तरी चालेल, आणि चिठ्ठी फाडून टाकतो.

इथे मी चष्मा काढून पुसला. वर्गात हा भाग मी इतक्या वेळा शिकवला, त्यावर पाच मार्कांचे प्रश्न काढले, पण रडू कधी आलं नव्हतं. माझे यजमान गेले, तेव्हा ही बाई पंधरा दिवस माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपली होती. मला झोप लागावी म्हणून रात्री बागेच्या गोष्टी सांगायची. त्या इतक्या कंटाळवाण्या असायच्या, की लागायचीच.

"पोरगं शहाणं निघालं," पाटलीणबाई म्हणाली. "पण ठरवायला लय पानं घेतली." आणि साड्यांच्या घड्या घालू लागली.

रविवारी सकाळी मी तिच्याच हॉलमध्ये होते. ती खुर्चीत, पाय स्टुलावर. फोन वाजला.

"काकू, आई कशी आहे?"

"ठणठणीत!" मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू येईना. पाटलीणबाईने मान वर केली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलणाऱ्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. मी म्हटलं, "अरे, काय सांगू तुला, लिफ्ट बंद होती तर जिना चढून आली. आणि काल तर खाली सोसायटीत गरबा खेळली."

पलीकडून, "गरबा? आई?"

"थोडासाच," मी म्हटलं.

पाटलीणबाईने हात लांबवून माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला वाटलं, माझं खोटं सावरेल. ती या कामात माझ्यापेक्षा तरबेज आहे. ती म्हणाली, "मास्तरीण खोटं बोलते. मी बागेत पडले. पाय मोडला. ये तू."

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर कडाडले. "अगं मूर्ख बाई, मी तुझ्यासाठी गंगेची शपथ मोडली आणि तू सगळं ओकून मोकळी झालीस?"

"म्हणून तर सांगितलं," ती म्हणाली. "माझ्यापायी तू या वयात खोटारडी होणार, अन् मी मजेत हितं राहणार व्हय? अन् गरबा! काय पण सुचलं. प्लास्टर घालून गरबा!" आणि हसता हसता तिने पदर डोळ्याला लावला. मी ओरडले, ऑपरेशनचा डोळा आहे, चोळू नकोस.

पुढच्या शनिवारी मुलगा आला. दार मीच उघडलं. तो पाया पडला नाही. हातातली बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या खिशातून जातानाच्या विमानाच्या तिकिटांचे कागद डोकावत होते.

"बाई," तो म्हणाला. काकू नाही, बाई. "खोटं बोलणाऱ्याने कुठे उभं राहायचं?"

तो थट्टेत म्हणाला की रागात, मला आजही सांगता येणार नाही. पण नियम माझाच होता. मी चपला घालून पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारची सून दळण घेऊन चालली होती, तिने विचारलं, काकू, लाइट गेली का? मी म्हटलं, नाही, मला शिक्षा झालीये. ती बिचारी घाईघाईने जिना उतरून गेली.

आतून मुलाचा आवाज आला, "आई, उठू नकोस, अगं पाय!" मग वॉकरची टकटक. पाटलीणबाई एकेक पाऊल टाकत दारातून बाहेर आली, धापा टाकत माझ्याजवळ पोचली आणि माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू कशाला आलीस?" मी म्हटलं. "तू तर खरं बोललीस."

"नरकात एकटी कशाला जातीस?" ती म्हणाली. "तुला रस्ता सापडायचा नाय."

मुलगा दारात उभा राहून आम्हा दोघींकडे बघत होता. मग आत गेला. मला वाटलं, बॅग आणायला गेला. सामान ओढल्याचा आवाज आला आणि तो दोन खुर्च्या घेऊन बाहेर आला. आम्हाला बसवलं, आईचा पाय वॉकरच्या दांडीवर नीट ठेवला आणि स्वतः समोर जिन्याच्या पायरीवर बसला. शाळेत बसायचा तसाच, गुडघे जवळ घेऊन.

"आई," तो म्हणाला, "तुला कुठे राहायचंय?"

दिवसभर टकळी चालवणाऱ्या या बाईने आधी माझा हात पकडला, इतका घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या.

"हितंच," ती म्हणाली. थोडा दम घेऊन पुन्हा म्हणाली, "हितंच. अन् आता मास्तरीणला आत घे. तिचे गुडघे दुखतात."