सुटलेल्या वायरीचं गरम पाणी

या विश्वात विज्ञानाला न उमगलेल्या शक्ती आहेत, हे मी आता स्वानुभवाने सांगू शकतो. माझ्या अनुभवातल्या शक्तीची क्षमता पंचवीस लीटर होती.

मी पाली गावचा. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. चकवा, अमावास्या, देवचार... सगळ्यांवर वर्गात यथेच्छ हसलो. त्यामुळे पुढचं लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

जानेवारी महिना, सकाळचे साडेआठ. मुलगी बाळंतपणाला आलेली, नातू अठरा दिवसांचा. गीझर दोन दिवस बंद. बाळाचं पाणी गॅसवर तापायचं. सातला मी गीझरच्याच नळाच्या पाण्याने कुडकुडत दाढी केली होती. इलेक्ट्रिशियन बबन नुसता 'येतो, येतो' म्हणत होता, म्हणून मीच टेस्टर घेऊन स्टुलावर चढलो. गीझरचं खालचं झाकण काढलं, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या. सप्लाय येतोय का ते बघायला स्वयंपाकघरातल्या बोर्डावरचं गीझरचं बटण चालू केलं — आणि नेमका फोन वाजला. बोलत बोलत अंगणात गेलो. बटण चालू. उघड्या वायरी नळाच्या वर वीतभर लोंबकळत.

पाच-दहा मिनिटांनी सहज मागे वळून पाहिलं, तर बाथरूमच्या खिडकीतून वाफ येत होती. आत पाणी पडल्याचा आवाज. बाळाला न्हाऊ घालणारी सुशीलामावशी रोज मागच्या दाराने येते...

फोन कुठे टाकला, आठवत नाही. आधी बटण की आधी बाळ, हेही ठरेना. बटण बंद केलं, बाथरूमचं दार ढकललं.

"मावशी, नळ सोडा! करंट आहे!"

"वराडताव कशाला गुरुजी? पोर दचकंल ना! आनि दार लावा, वारा येतोय."

मावशीच्या पसरलेल्या पायांवर बाळ पालथं, तेलाने चकाकणारं, अगदी खुशीत.

"हे पाणी कुठलं?"

"नळाचा. आज बरा तापलाय."

मी नळाखाली बोट धरलं. चटका बसला. वर दोन्ही वायरी हवेत. गीझरच्या टाकीला हात लावला — गार. मावशीने त्याच नळावर आणखी एक बादली भरली. मी दाराला टेकून उभा राहिलो.

दुपारी बबन उगवला. कॉइल बाहेर काढली, तर मधोमध तुटलेली.

"गुरुजी, ह्याच्यावर पानी तापला तर मी धंदा सोडतो."

"तापलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. "काकी, गुरुजींना झोप लागते ना नीट?"

आमच्याकडे सोलर नाही. पाइप भिंतीच्या आतून जातो, त्याला ऊन लागत नाही. मी कागदावर आकृत्या काढून पाहिल्या. स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही. त्या वायरींचा विचार आला की मात्र अजून घाम फुटतो.

बाळ ठणठणीत आहे. बबनने नवी कॉइल बसवली. पाणी तापायला वीस मिनिटं लागतात. मावशीच्या मते जुनी बरी होती.