काट्यावरचं पाणी

जळगावात एका दवाखान्याच्या डायलिसिस विभागात मी आहारतज्ज्ञ आहे. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. पेशंट घरी जातात, किस्से मात्र इथेच मुक्काम ठोकतात. अधूनमधून सांगून मोकळं व्हावं लागतं, नाहीतर मला बसायला जागा उरायची नाही!

*

काटा आला तो पारोळ्याच्या आबांमुळे. आबांच्या किडन्या थकलेल्या. पाणी, चहा, ताक, सगळं धरून दिवसाला साडेसातशे मिली, त्यापुढे थेंब नाही. जास्त झालं की पाणी छातीत साठतं. एकदा तर श्वास लागला म्हणून ॲम्ब्युलन्समधून आणलं होतं.

आबा म्हणायचे, मी तीनच पेले पितो. मी म्हटलं, पेला घेऊन या. पुढच्या वेळी त्यांच्या बायकोने, अक्कांनी, पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला. त्यात मावणारी लस्सी दोघांना पुरली असती.

तेव्हापासून पेला, वाटी, तांब्या सगळं बंद. प्यायचं ते वजन करून. पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, डोक्याला ताप नाही. किलोवर पाणी घेणारा तालुक्यात मी पहिलाच, असं म्हणून आबा खूप हसले. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी काटा कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

*

अमळनेरचे एक शेठ, तेलाचे व्यापारी, वजन उतरवायला आले. दिवसाला पंधरा तेल, असं मी घाईत बोलून गेले. शेठनी विचारलं, ग्रॅम की मिली? तुम्हाला सोयीचं ते घ्या, मी म्हटलं.

तेल पाण्यापेक्षा हलकं. तेवढ्याच आकड्याला मापापेक्षा काट्यावर थोडं जास्त येतं. शेठनी काटा निवडला. दुकानात गिऱ्हाइकाला मात्र ते लिटरच्या मापानेच देतात!

*

शेवभाजीचा रस्साही पाण्यातच धरायचा, हे ऐकून आबांचा चेहरा पडला. दोन दिवस विचार करून ते मुद्दा घेऊन आले.

"तर्री तं तेल शे, पाणी थोडंच शे! मंग ती कसाले मोजनी?"

मुद्दा बिनतोड होता. मी तर्रीच बंद केली.

*

मग कलिंगड निघालं. आबांनी एका बैठकीत अर्धं संपवलं होतं. मी रागावले, तर म्हणाले, "पिधं कोठे, मी ते खादं."

डायलिसिसच्या आधी पेशंटला मोठ्या काट्यावर उभं करतात. मधल्या दिवसांत वाढलेला किलो म्हणजे अंगात साठलेला लिटर. तिथे थापा चालत नाहीत. आबांनी चपला काढल्या, टोपी काढली, मोबाइल काढला. आकडा हलेना, तेव्हा कवळी काढून अक्कांच्या हातात दिली.

त्या दिवशी अक्का घाबरलेल्या दिसल्या, आणि मलाही वाईट वाटलं.

*

त्यानंतर आबांचं वजन जागेवर आलं. ऐन उन्हाळ्यातही मधल्या दिवसांतली वाढ किलोभराच्या वर जाईना. डॉक्टर खूश. एवढी तहान मारता कशी, असं मी आबांना विचारलं.

"घरमा कोनी पाणी पेतांना दिखसच नई," आबा म्हणाले, "मंग याद कशी येई?"

मला वाटलं, चला, घरच्यांनी माठ आत हलवला असेल.

*

मे महिन्यातली गोष्ट. आबा आत मशीनवर होते. बाहेर बाकावर बसलेल्या अक्कांना चक्कर आली. आम्ही त्यांना माझ्या खोलीत आणून आडवं केलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, खूपच कमी. जीभ कोरडी, ओठ फुटलेले.

"अक्का, दिवसाला पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कांनी आधी दाराकडे पाहिलं. आबांच्या मशीनचा आवाज येत होता. मग त्या हळूच म्हणाल्या,

"साडेसातशे ग्रॅम."