डावी चौदा, उजवी बावीस

ऑफिसात त्यांना सगळे ठिपकेमास्तर म्हणत. जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे येणाऱ्याजाणाऱ्या बिबट्यांचे फोटो काढत, आणि अंगावरचे ठिपके जुळवून कोण कुठला ते मास्तर ठरवत. एकोणीस वर्षं हेच. बायको म्हणायची, "समोरच्या घरातली सून ह्यांना रस्त्यात ओळखू येत नाही, बिबट्याची मादी मात्र बरोब्बर ओळखतात." मास्तरांना हे कौतुकच वाटायचं. आता बोला!

त्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडून एक पाकीट आलं. नऊ दिवसांपूर्वी रस्त्यावर गाडीखाली एक मादी मेली होती. उजव्या कुशीचा फोटो बघून मास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ही बावीस नंबर. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं. पाकिटात आता तिच्या डाव्या कुशीचा फोटो होता. त्यांनी तो सहज उचलला आणि बघतच राहिले. डावी कूस चौदा नंबरची होती.

चौदा तर जिवंत होती. तिला पाच महिन्यांचे दोन बछडे होते.

बिबट्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. म्हणून दोन्ही बाजू एकदम दिसल्याशिवाय नंबर द्यायचा नाही, हा नियम. नवीन माणसांना तो मास्तरच घोटून घोटून शिकवत. पण झऱ्यावर एकच कॅमेरा, तिथं दिसायची डावी बाजू. खिंडीतही एकच, तिथं उजवी. "चेहऱ्याची ठेवण वेगळी आहे, मला कळतं," असं म्हणून सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी दोन माद्या करून टाकल्या. त्यांच्यापुढे बोलणार कोण?

त्यांनी चष्मा पुसला. फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. डॉक्टरांनी भलत्याच जनावराचा पाठवला असेल, असं वाटून फोन लावला. "अहो मास्तर, माझ्या टेबलावर त्या आठवड्यात एकच बिबट्या आला," डॉक्टर म्हणाले.

मग चौदा कोण? आपण दोन दिवस उपाशी राहिलो ते कोणासाठी? आणि परवाच्या बैठकीत चौदा ठणठणीत आहे म्हणून छातीठोकपणे सांगितलं, ते काय होतं? मास्तरांचं डोकं भणभणायला लागलं. एकदा वाटे, दोन्ही मेल्या. एकदा वाटे, दोन्ही नव्हत्याच. काही सुचेना, तेव्हा त्यांनी बायकोला फोन केला.

"समज, एकच बाई दोन नावांनी राहते. त्यातली एक मेली. तर दुसरी कुठं गेली?"

"तुम्ही जेवलात का?" बायकोनं विचारलं.

मास्तरांनी मग सगळं नीट सांगितलं.

"मग ती पोरं कोणाजवळ आहेत?" तिनं विचारलं.

एवढा वेळ मास्तर नंबरांतच अडकून बसले होते. त्यांनी घाईघाईनं झऱ्यावरचे नऊ दिवसांचे फोटो काढले. तीन फोटोंत बछडे होते, आई एकातही नव्हती. तिन्हींच्या खाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'आई मागे असावी.'

त्यांनी लगेच वनरक्षकाला फोन लावला. "झऱ्यावरचे बछडे शोधा. आत्ताच्या आत्ता."

"मंगळवारी ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी म्हणालो होतो, जाऊन बघतो," वनरक्षक म्हणाला. "तुम्हीच नको म्हणालात. आई जवळच आहे, फाडून ठेवील म्हणालात."

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले. "आता जा बाबा, लवकर जा."

दुपार सरता सरेना. मास्तर खुर्चीत बसत, उठत, पुन्हा मेलेल्या मादीच्या दोन कुशींचे तेच दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत. मादी एकच, हे इतकं लख्ख दिसत होतं की त्यांना स्वतःचीच किळस आली. चार वाजता फोन वाजला.

"एक सापडला. दगडाच्या कपारीत आहे. मान उचलत नाही, पण श्वास चालू आहे. डॉक्टरांकडे नेतो."

"आणि दुसरा?"

"त्याच्याच शेजारी आहे. गेलाय."

"कधी गेला असेल?" मास्तरांनी विचारलं. चार दिवस झाले, पाच झाले, असं काहीतरी त्यांना ऐकायचं होतं.

"आजच, मास्तर. अंग अजून कोमट आहे."