पुनवेचं रॉकेल

मंडळी, आज दुपारी आमच्या नगरपालिकेत पुढच्या वर्षाच्या बजेटासाठी लोकांच्या सूचना घेत होते. मीही हात वर केला. म्हटलं, पौर्णिमेच्या आसपास रस्त्यावरचे अर्धे दिवे बंद ठेवा, विजेचं बिल वाचेल. टाळ्या पडल्या! मी खुशीत घरी आलो.

शेजारच्या हमीदाचाची ओट्यावर बसल्या होत्या. वय नव्वदीपार. त्यांनाही तोऱ्यात सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला.

"मन्हा अब्बा नगरपालिकाना कंदील लावे," त्या म्हणाल्या. "पुनवले लावाना नही, आसा हुकूम व्हता."

इंग्रजांच्या काळातली गोष्ट. चांदण्या रात्रींचं रॉकेल तेव्हाच्या बजेटात धरलेलंच नसायचं.

"एक पुनवले आभाय भरेल व्हतं. समदीकडे अंधार. अब्बाना हातमा रॉकेलना डबा, पन हुकूम नही. अम्मी पानी भराले गयी आनि विहीरमा पडनी."

दर पौर्णिमेला चाचींच्या दाराबाहेरचा बल्ब सकाळपर्यंत चालू असतो. इतकी वर्षं मला वाटायचं, काही नवस असेल.

मी लगेच नगरपालिकेत फोन लावला. म्हटलं, माझी सूचना मागे घ्या. साहेब हसले. "अहो, राहू द्या की! सगळ्यांना आवडलीये. मंजूर झाल्यातच जमा आहे."

आता चाचींना काय सांगू, तुम्हीच सांगा. समोर त्यांचा बल्ब लागलाय.

आज तर पौर्णिमाही नाही.